पिवळ्या पट्टीचा पंचनामा

जुन्या पिवळ्या बल्बचा एक मोठा गुण होता. तो कुणाचं उणंदुणं काढत नसे. बाथरूममधल्या साठ वॉटच्या त्या उजेडात टाइल, बेसिन, फ्लशची टाकी, आरशाच्या कपाटाची चौकट हे सगळे पांढरे एकाच घरातले वाटायचे, आणि आरशासमोर दाढी करणारा माणूसही बऱ्यापैकी तजेलदार दिसायचा. मग २०१५ साली उजाला योजना आली, एलईडी बल्ब स्वस्त झाले आणि घरोघरी साडेसहा हजार केल्व्हिनचा तो निळसर, दवाखानी उजेड पसरला. आमच्या बाथरूमपर्यंत तो बराच उशिरा पोचला, कारण चालू स्थितीतला बल्ब काढायचा नाही असा आमच्याकडे दंडक आहे. अखेर जुन्या बल्बने राम म्हटला, नवा लागला, आणि लागल्या क्षणी घरात प्रश्न उभा राहिला: ही पट्टी एवढी पिवळी कधी झाली?

पट्टी म्हणजे तशी किरकोळ वस्तू. टाइल जिथे संपतात तिथे त्यांच्या कडा झाकायला मिस्त्री प्लास्टिकची कोपरापट्टी बसवतो. आपल्याकडे कुणी पाहू नये एवढंच तिचं काम. तिच्याच गोतावळ्यातली आरशाच्या कपाटाची चौकट, खिडकीतल्या काचेच्या झडपांची फ्रेम, दाराची उभी कड. घर घेतलं तेव्हा हे सगळं पांढरंशुभ्र होतं याला फोटोचा पुरावा नाही, बाथरूमचे फोटो कोण काढतो? पण तसं होतं यावर घरात एकमत आहे, आणि आमच्या घरात एकमत ही पुराव्याहून दुर्मीळ गोष्ट आहे. आता त्या सगळ्याला जुन्या पंचांगाच्या पानांचा रंग आला होता. तोही सारखा नव्हे. खिडकीजवळ गडद, दारामागे फिकट. आणि कपाटाच्या उघड्या फळीवर, जिथे वर्षानुवर्षं खोबरेल तेलाची बाटली उभी असते, तिथे मात्र एक स्वच्छ पांढरा गोल. बाटली उचलली की दिसायचा, ठेवली की झाकला जायचा.

मराठी घरात डाग दिसला की ‘हा निघेल कशाने?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘हा पाडला कुणी?’ आरोपी सापडल्याशिवाय घासायला घेण्यात कुणालाच रस नसतो, कारण आरोपी सापडला तर घासायचं त्यानेच. तेव्हा रीतसर चौकशी बसली.

आईचा संशय पाण्यावर. तिचा कुठल्याही बाबतीत पहिला संशय पाण्यावरच असतो. डाळ शिजली नाही, केस गळले, गुडघा धरला, सगळ्याला कारण सोसायटीचं बोअरचं पाणी. पण बोअरच्या पाण्याची करणी ओळखू येते. त्यातले क्षार नळाच्या तोंडाशी पांढरे खवले धरतात आणि लोह असेल तर नळाखाली तांबूस ओघळ उतरतात. आमची पट्टी थेट छताजवळपर्यंत जाते. कितीही उत्साहाने आंघोळ करणाऱ्या माणसाचा शिंतोडा तिथवर पोचणार नाही, आणि पिवळेपण तर तिथेही होतं. पाणी पुराव्याअभावी सुटलं. आईला निकाल मान्य नव्हता. तिने तो ऐकून घेतला इतकंच.

बायकोचा संशय माझ्यावर. नेमका कशासाठी हे तिने सुरुवातीला सांगितलं नाही, मग तेल आणि कलप अशी दोन कलमं लावली. कलपाचा आरोप मला जिव्हारी लागला, कारण मी तो लावतो हे त्या क्षणापर्यंत घरात अधिकृतपणे कुणी बोललेलं नव्हतं. तरीही मी शांतपणे बचाव मांडला. कलपाचा डाग काळपट-तपकिरी असतो, तो थेंबाथेंबाने पडतो. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं पिवळं पसरायचं तर मला ओल्या डोक्याने गोल गोल फिरावं लागेल. तेलाचं म्हणाल तर तेलाची बाटली जिथे असते नेमका तिथेच पांढरा गोल आहे. बायको म्हणाली, “तेच तर विचित्र आहे.” खटला प्रलंबित राहिला.

माझा स्वतःचा संशय ऍसिडवर होता. संडास घासायच्या बाटलीत साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक ऍसिड असतं आणि दारावर येणारा खुल्या ऍसिडचा कॅन त्याहून कडक. त्याच्या वाफांनी पितळी कडी हिरवी पडते, बिजागरं गंजतात, मग पट्टीने काय घोडं मारलंय? हा सिद्धांत मला फार आवडला होता. तो कोसळला एका साध्या गोष्टीने: ते ऍसिड ज्या कॅनमधून येतं तो कॅनच प्लास्टिकचा असतो. कारखान्यांत तर ऍसिड वाहून न्यायला पीव्हीसीचे पाइप वापरतात. (ओघात एक सांगून ठेवतो, कारण दिवाळीच्या साफसफाईत हा उद्योग अजून घरोघरी चालतो. डाग निघत नाही म्हणून ऍसिडमध्ये ब्लीच ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.)

कुणीतरी हळदीचं नाव घेतलं. बहुधा मीच, कलपाचं उट्टं काढायला. दिवाळीचं उटणं, आईचा हळद-दुधाचा लेप, घाव-खरचटण्यावर दाबायची चिमूट, बाथरूममध्ये हळद काही कमी येत नाही. पण हळदीचा डाग लपून राहत नाही. त्याला साबण लागला की तो क्षणात लाल होतो. हळदीला अल्कली भेटली की असं होतं, आणि आपलं हळदीचं कुंकूही याच गुणावर बनत आलं आहे. शिवाय हळदीचा डाग पडलेला सदरा उन्हात टाकला तर संध्याकाळपर्यंत तो फिका पडतो, हे आईने मला बजावून सांगितलं आणि ते खरंच आहे. हळदीच्या रंगद्रव्याला ऊन सोसत नाही. आमची पट्टी सर्वांत पिवळी कुठे? खिडकीपाशी, जिथे दुपारनंतर पश्चिमेचं ऊन येतं तिथे. हळद निर्दोष सुटली, आणि दोन दिवस आईने माझ्याशी बोलणं जेवणापुरतं ठेवलं.

कन्या रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरातल्या रसायनशास्त्रज्ञाला आपण सगळ्यांत शेवटी विचारतो. तिने आत येऊन तेलाची बाटली उचलली, पांढऱ्या गोलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “बाटलीच्या सावलीत पांढरं, बाकी पिवळं. म्हणजे वरून काही पडलेलं नाहीये बाबा. उजेड पडलाय.”

मग तिने जे सांगितलं ते मला समजलं तसं मांडतो. पट्टी पीव्हीसीची. पीव्हीसी म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या, त्यांना जागोजागी हायड्रोजन आणि क्लोरीन लटकलेले. उन्हातले अतिनील किरण आणि उष्णता यांनी वर्षानुवर्षं छळलं की कुठेतरी एक क्लोरीन आणि शेजारचा एक हायड्रोजन जोडीने घर सोडतात. मागे राहिलेल्या कार्बनांमध्ये दुहेरी बंध तयार होतो. एक जोडी गेली की शेजारच्या जोडीचाही पाय निघतो. असे सात-आठ किंवा जास्त दुहेरी बंध ओळीने झाले की ती माळ उजेडातला निळा भाग गिळू लागते, आणि पांढऱ्यातून निळा वजा केला की हाती पिवळा उरतो. पट्टीवर पिवळं काहीही चढलेलं नसतं, तिच्यातलंच काहीतरी गेलेलं असतं. आरशाच्या कपाटाचं प्लास्टिक वेगळ्या जातीचं, त्याला हवेतला ऑक्सिजन बाधतो, पण गत तीच.

“आणि ती जोडी पळून जाऊन होते काय?” मी विचारलं.

“हायड्रोजन क्लोराइड. पाण्यात विरघळलं की हायड्रोक्लोरिक ऍसिड.”

म्हणजे ऍसिड होतंच! फक्त ते बाटलीतून आलं नव्हतं, पट्टीच्या पोटातून निघालं होतं. मला माझा सिद्धांत अर्धा तरी परत मिळाला. इतरांची मात्र निराशा झाली. पट्टी आपली आपणच पिवळी झाली, या निकालात कुणालाच घासायला लावता येत नाही.

“आमच्या वेळी असलं काही पिवळं पडत नसे,” आई म्हणाली. हे वाक्य ती बऱ्याच गोष्टींबद्दल म्हणते, पण या वेळी मी विचार केला तर ते शब्दशः खरं निघालं. आजोळच्या न्हाणीत पांढरी म्हणावी अशी एकही वस्तू नव्हती. तांब्याचा बंब, तांब्याचंच घंगाळं, पितळी तांब्या, पायाखाली करडी शहाबादी फरशी, भिंती बंबाच्या धुराने काळ्या, कोपऱ्यात बंबफोडाचा ढीग, बसायला पाट. पिवळं पडायला आधी पांढरं असावं लागतं. बंब काळवंडला की चिंचेने घासायचा. चिंचेचं आम्ल वरचा काळा थर काढून टाकतं आणि खाली पुन्हा तेच तांबं हजर. बटणं बेकेलाइटची. ते प्लास्टिक लिओ बेकलंडने १९०७ साली केलं आणि ते बहुतेक वेळा काळंच किंवा चॉकलेटी असे, कारण ती राळच मुळात गडद. चाळीतल्या जिन्यातलं ते काळं गोल खटक्याचं बटण पन्नास वर्षांनीही तेवढंच काळं. म्हाताऱ्या वस्तूंनी म्हातारं दिसू नये याची ही जुनी युक्ती होती: पहिल्या दिवसापासूनच म्हातारं दिसायचं.

पांढरा आला तो ब्लॉक आणि फ्लॅट यांच्याबरोबर. पांढऱ्या टाइल, पांढरं बेसिन, पांढरी टाकी. चिनी माती आणि काच यांना हा रंग झेपतो, कारण त्या भट्टीतून भाजून निघालेल्या असतात. प्लास्टिक मात्र शेजाऱ्यांचं बघून पांढरं झालं आणि त्यातच त्याची फरफट झाली. लाकूड जुनं झालं तर आपण त्याला सागवानी म्हणून मिरवतो, तांब्याच्या डागाळलेल्या घंगाळात हल्ली लोक हॉटेलच्या दाराशी फुलं तरंगत ठेवतात. प्लास्टिकला हा मान नाही. त्याने एकतर कोरं राहायचं नाहीतर भंगारात जायचं. संग्रहालयांचे लोक तेवढे त्याच्या म्हातारपणाकडे गंभीरपणे बघतात. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या यव्होन शाशुआ यांनी प्लास्टिकच्या वस्तूंच्या जतनावर २००८ साली अख्खा ग्रंथ लिहिला आहे. चंद्रावर जाऊन आलेल्या अंतराळवीरांच्या पोशाखांतलं रबर आणि प्लास्टिकही संग्रहालयात बसल्या जागी झिजतंय, चिकट होतंय. हे वाचल्यावर मला आमच्या पट्टीबद्दल जरा आदर वाटला. बायकोला वाटला नाही.

तिचा प्रश्न व्यवहाराचा होता. पिवळं घालवायचं कसं?

कन्येकडे एक उपाय होता. जुने संगणक जमवणारे एक हौशी लोक जगभर आहेत. त्यांच्या बदामी झालेल्या खोक्यांवर त्यांनी २००८ च्या सुमारास तोड काढली: हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप द्यायचा आणि वस्तू उन्हात ठेवायची. पिवळेपणा जातो. म्हणजे ज्या उन्हाने रोग दिला त्याच उन्हात बसवून उपचार. पण ते पिवळं बरेचदा काही काळाने परत येतं, असंही हेच लोक प्रांजळपणे सांगतात. शिवाय संगणक उचलून गच्चीवर नेता येतो. भिंतीत सिमेंटने बसवलेली पट्टी नेता येत नाही. पट्टी उपटून नवी बसवायची तर तिच्याबरोबर टाइल निघणार, टाइलबरोबर भिंत, आणि तो हिशोब वाढत वाढत नव्या फ्लॅटपर्यंत जातो. उरला रंग.

रंगारी लातूरकडचा. दसऱ्याच्या आधी आला. पावसाळ्यात बोलावलं होतं तेव्हा त्याने साफ नकार दिला होता: दमट हवेत प्लास्टिकवर रंग धरत नाही, उगाच दूधकट पडतो. आता आला तो पिशवीतून काही काढायच्या आधी पट्टीवरून अंगठ्याचं नख फिरवून उभा राहिला.

“बघा साहेब, भिंत गरीब असती. काय बी लावा, पिऊन घेती. पलास्टिक पीत नाही. त्याला आधी राजी करावं लागतंय.”

राजी करण्याआधी ते कोणत्या जातीचं आहे हे बघायचं होतं. पट्टीच्या मागे काही छापलेलं नव्हतं. डब्याबाटल्यांच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो, १९८८ साली अमेरिकेत सुरू झालेली पद्धत. तीन म्हणजे पीव्हीसी, पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पट्टीचं गोत्र कुणी लिहून ठेवलं नव्हतं. रंगाऱ्याने दारामागच्या न दिसणाऱ्या टोकाचा नखाएवढा तुकडा कापला आणि भरलेल्या बादलीत टाकला. तुकडा सरळ तळाला गेला. मग त्याने आमचा मगा पाण्यावर उपडा टाकला. मगा तरंगला. तो बुडवायचा त्याने दोनदा प्रयत्न केला, तरी वर आला.

“बुडालं ते रंग धरतंय. तरंगलं त्याच्या नादाला लागू नये. मग्याला आज रंग मारा, परवा सालपट निघतंय.”

मी कन्येकडे पाहिलं. तिने मान डोलावली. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं, घनता ०.९ च्या आसपास, पीव्हीसी १.४ च्या. आणि पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग इतका निर्मोही की त्यावर रंग पसरायलाच तयार नसतो. मोटारींचे बंपर बहुतेक याच जातीचे असतात, म्हणून कारखान्यात त्यांच्यावर ज्योत फिरवून किंवा खास प्रायमर मारून मग रंग चढवतात. बुडणारं सगळंच रंग धरतं असं शास्त्र म्हणणार नाही, पण बाथरूमपुरती ही परीक्षा चोख आहे. बादलीभर पाण्यात शास्त्र सांगणारा पहिला माणूस सिराक्यूजचा होता, आमचा लातूरचा. या दोघांत मी फरक करणार नाही.

पहिला दिवस धुण्यातच गेला. साबणाचा थर, तेलाची वाफ, कोपऱ्यातली बुरशी. मग चारशे नंबरचा वॉटर पेपर ओला करून त्याने पट्टी घासायला घेतली. मी दारात उभा होतो. त्याच्या बोटांखालून पातळ, दुधाळ पाणी वाहायला लागलं, त्याला किंचित साय-रंगाची झाक. एक वीतभर घासून झाल्यावर त्याने फडक्याने पुसलं आणि खाली पांढरी पट्टी निघाली. कोरी, पहिल्या दिवशीची. पिवळेपणा सगळा वरच्या कातडीतच होता, कारण उजेड प्लास्टिकमध्ये फार आत पोचत नाही. पांढरा रंग देणारं टायटॅनियम डायऑक्साइडच त्याला वाटेत अडवतं. पट्टी स्वस्तातली असेल तर त्याऐवजी खडूची भुकटी जास्त भरलेली असते आणि अडवणारं कुणी नसतं. आमची पट्टी बिल्डरने बसवलेली. ती कोणत्या वर्गात मोडते हे सांगायला नको.

आता बायकोने स्वाभाविक प्रश्न विचारला. “मग नुसती घासूनच घ्या ना सगळी! रंगाचे पैसे वाचले.”

रंगाऱ्याने काही न बोलता तिचा हात घासलेल्या भागावरून फिरवायला लावला. खरखरीत. “आता गुळगुळीत हाय तर एवढी घाण धरती. ही खरखरीत ठेवली तर पंधरा दिवसांत काळी.” तकाकी गेली होती, आणि तकाकी हेच बाथरूममध्ये खरं कवच असतं. पैसे वाचले नाहीत.

रंग कोणता, यावर मात्र मोठी सभा भरली. बाहेरच्या माणसाला वाटेल, पांढऱ्याला पांढरा, त्यात सभा कसली. शेडकार्ड उघडा म्हणजे कळेल. पांढऱ्याच्या इतक्या तऱ्हा की नुसती नावं वाचून बर्फाळ प्रदेशात फिरून आल्यासारखं होतं. माझं म्हणणं टाइलला जुळणारा घ्यावा. टाइल निळसर पांढऱ्या. पांढऱ्यात निळ्याची किंचित छटा असली की डोळा त्याला जास्त पांढरा समजतो, म्हणून तर आपण चुन्यात नीळ घालून भिंती रंगवायचो आणि धोतरं निळीच्या पाण्यातून काढायचो. कन्या म्हणाली, मूळ पट्टीलाही अशीच झळाळी देणारं द्रव्य असणार आणि तेच आधी विटलं असणार. बायकोला एकदम झगझगीत हवा होता. इथे मी टायटॅनियमची हकिगत सांगायचा प्रयत्न केला, की हा सर्वांत पांढरा रंग ज्या खनिजापासून होतो ते इल्मेनाइट काळंकुट्ट असतं, केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर असतं, आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही असतं. सभेने हकिगत कामकाजातून वगळली.

इतका वेळ गप्प बसलेली आई म्हणाली, “मुळातच पिवळसर द्या. मग पिवळा काय पडणार?”

आम्ही सगळे हसलो. हसून झाल्यावर कुणालाच त्यात चूक सापडेना. रंगाऱ्याने तर पानाच्या डब्याला लावलेला हात थांबवला आणि “आज्जी बरोबर बोलत्यात” असा कौल दिला. शेडकार्डावर एक हस्तिदंती छटा होती, फार पिवळी नाही, नुसती थकलेली. मला उगाच आठवलं की प्लास्टिकच्या घराण्याची सुरुवात याच रंगापासून झाली. १८६० च्या दशकात अमेरिकेत बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. हस्तिदंत महाग झाला तेव्हा पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर झालं, त्या खटपटीत जॉन वेस्ली हायटने सेल्युलॉइड काढलं आणि १८७० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे प्लास्टिकला पहिल्यांदा सोंग आणायला लावलं ते हत्तीच्या दाताचं. पांढऱ्याशुभ्र टाइलचं सोंग ही पुढची जबरदस्ती. आईच्या ठरावाने पट्टीला फक्त मूळ भूमिका परत मिळाली. हेही मी सांगितलं नाही, रत्नागिरीचा अनुभव ताजा होता.

रंगाचा प्रकार रंगाऱ्याने ठरवला. ऑइलपेंट नको म्हणाला, “अंधाऱ्या जागेत पांढरा ऑइलपेंट लई लवकर पिवळा पडतोय.” हे ऐकून मी भिंतीला टेकलो. प्लास्टिक उजेडात पिवळं पडणार आणि त्यावर मारायचा तेलाचा रंग अंधारात! पण आहे ते असंच. जवसासारख्या तेलातून आलेला रंग अंधारात पिवळा होतो आणि उजेडात पुन्हा उजळतो, आणि अमोनिया असलेल्या साफसफाईच्या औषधाने तर आणखी लवकर पिवळा होतो. खुद्द हस्तिदंतालाही अंधाराचं वावडं आहे. आमच्या बाथरूममध्ये एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला कायमचा अंधार. दोन्ही आरोपी एकाच खोलीत. म्हणून मग आधी प्लास्टिकचा प्रायमर आणि वर पाण्यातला ॲक्रिलिक.

प्रायमर काचेसारखा पारदर्शक होता, मारला की नाही हे फक्त वासावरून कळलं. त्यावर हस्तिदंतीचे दोन पातळ हात. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी टेप, मधे अर्ध्या इंचाचा ब्रश, आणि ब्रशच्या टोकाला जेमतेम ओलावा येईल एवढाच रंग. जाड हात मारला तर ओघळ येतो, आणि उभ्या पट्टीवरचा ओघळ मरेपर्यंत दिसतो. बेसिनच्या कडेची सिलिकॉनची रेघ त्याने सोडून दिली. तिच्यावर जगातला कुठलाही रंग टिकत नाही. दुसऱ्या हाताचा रंग पुरता सुकायच्या आतच त्याने टेप ओढली, तिरकी, हळू, एका दमात. सुकल्यावर ओढली असती तर कड फाटली असती. पूर्ण कडक व्हायला आठवडा द्या म्हणाला, तोवर घासू नका, वाफ कोंडू नका. आठवडाभर सगळं घर दुसऱ्या बाथरूमसमोर रांगेत. त्या आठवड्यात आई पहाटे चारला उठून आंघोळ उरकायची आणि नंतर रांगेतल्यांना वेळेचं महत्त्व सांगायची.

रंग वाटीभर उरला. खालच्या मजल्यावरचे काका त्याच सुमारास हिशोबाच्या पावत्या द्यायला आले होते. त्यांनी पट्टी पाहिली, चष्मा वर करून पुन्हा पाहिली आणि उरलेला रंग लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून घेतला. कशाला, तर त्यांच्या कमोडची सीट अशीच पिवळी झाली आहे म्हणे. ते जिना उतरून गेल्यावर रंगाऱ्याला आठवण झाली. तो ब्रश धुता धुता आमच्या खिडकीच्या झडपांतून डक्टमध्ये ओरडला, “काका, आधी पाण्यात टाकून बघा! तरंगली तर रंग लावू नका!”

खालून बराच वेळ भांड्यांचा आणि पाण्याचा आवाज येत राहिला. काहीतरी दणकन आपटलं. मग शांतता.

“बुडाली का तरंगली हो?” रंगाऱ्याने विचारलं.

“अहो, बादलीत मावतच नाहीये!”